नवी गिटार आणि तारेची खरखर

तंबोऱ्याची जवारी नीट लागली, की गवई समाधानाने मान डोलावतो. तारेचा तो भरदार झणकार कानी पडला म्हणजे मैफल लागलीच म्हणायची. पण तसलाच झणकार नव्या कोऱ्या गिटारमधून निघाला, तर आपण म्हणतो, ‘तार खरखरतेय, वाद्य बिघडलंय!’ एका ठिकाणी गुण तो दुसऱ्या ठिकाणी दोष का, हे एकदा उमगले म्हणजे गिटारची खरखर घालवणे फारसे अवघड राहत नाही.

माझ्या वर्गात डोंबिवलीहून येणारा एक विद्यार्थी होता. आईने भिशीच्या पैशांतून त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. ठाण्याहून लोकलच्या गर्दीत, छातीशी धरून त्याने ती घरी आणली. सुरात लावली, जाड तार छेडली, तो खर्र! दुकानदार म्हणाला, “वाजवत राहा, बसेल आपोआप.” शेजारचे एक हौशी गृहस्थ कानस घेऊनच आले, “पडदे जरा घासू या.” वाद्य परत करायची मुदत सात दिवसांची, त्यांतले तीन गेलेले. पोरगा रडवेला होऊन मला विचारू लागला, “सर, आईचे पैसे बुडाले का हो?”

मी म्हटले, आधी ती कानस खाली ठेवायला सांग. फिरवलेला स्क्रू उलटा फिरवता येतो. घासलेला धातू परत येत नाही.

आता मूळ गोष्ट पाहू. तार कंप पावताना वरखाली झोके घेते, आणि तिचा झोका मधोमध सर्वांत मोठा असतो. वाटेत काही आडवे आले, की तार त्याला थडकते. ही थडक म्हणजेच खरखर. तंबोऱ्यात ती आपण मुद्दाम घडवून आणतो. त्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार त्यावर हलकेच घासत राहते, आणि खाली सरकवलेला सुताचा जीव ती घसट नेमकी जागेवर आणतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा-तंबोऱ्याच्या या घोडीवर निबंध लिहिला. साध्या घोडीवर तार जिथे छेडावी, तिथल्या जागेमुळे काही उपस्वर उमटतच नाहीत. या घोडीवर मात्र तेही ऐकू येतात, असे त्यांनी दाखवून दिले. मिरजेत शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. त्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर जवारी काढताना घोडी थोडी घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा थोडी घासतो. हातापेक्षा कान जास्त चालवतो.

गिटारमध्ये ही थडक घोडीवर होत नाही. ती मानेवरच्या पडद्यांवर होते, आणि स्वर खुडून टाकते. म्हणून पहिला प्रश्न असा: तार थडकते कुठे? याचे उत्तर मिळेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

गिटार प्रथम नीट सुरात लावा. तार सैल असेल तर ती खरखरणारच. मग एकेक तार, एकेक पडदा दाबून सावकाश ऐका आणि वहीत टिपून ठेवा. फक्त मोकळी तार खरखरते, दाबली की थांबते, तर मानेच्या टोकाला तार जिथे टेकते ती खाच खोल झाली आहे. पहिल्या चार-पाच पडद्यांपर्यंत खरखर असेल, तर मान फार सरळ झाली आहे. वरच्या पडद्यांवर किंवा सगळीकडेच असेल, तर तार घोडीवर फार खाली बसली आहे. आणि एकाच जागी असेल, तर त्याच्या पुढचा, म्हणजे घोडीच्या बाजूचा पडदा वर आलेला असण्याचा संभव जास्त.

मान फार सरळ असूनही चालत नाही, याचे अनेकांना नवल वाटते. तारेच्या झोक्याला जागा मिळावी म्हणून तिला अगदी किंचित बाक लागतो. सहा तारा मिळून मानेला चाळीस किलोंच्या आसपास ओढतात. तो ओढा तोलण्यासाठी मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. शिवाय आपली ठाणे-कल्याणकडची हवा पावसाळ्यात दमट. लाकूड ओल धरते आणि बाक बदलतो. तो असा तपासावा: जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे धडाला मिळते तिथल्या पडद्यावर, अशी दोन्हीकडे दाबून धरा. सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखाली वहीच्या कागदाचे दोन-तीन पदर जाण्याइतकी फट हवी. फटच नसेल तर सळई सैल करायची. पण एका वेळी किल्लीचा पाव फेरा, बस्स. पुन्हा सूर लावा, थोडे थांबा, पुन्हा मोजा. किल्ली अडली तर जोर करू नका.

बाक जमला म्हणजे तारेची उंची पाहा. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीड मिलिमीटर अंतर पुष्कळ झाले. घोडीवर प्रत्येक तारेला बारीक स्क्रू असतात. त्यांनी ती वर-खाली करता येते. सर्वांत शेवटी सुरेलपणा. तार बाराव्या पडद्यावर नुसते बोट टेकवून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही स्वर एक यायला हवेत. दाबलेला स्वर चढा वाटला, तर घोडीवरचा आधार मागे सरकवून तार लांब करा. उतरला असेल तर पुढे घ्या. हा क्रम मात्र चुकवू नका: आधी बाक, मग उंची, मग सूर. उलटे केलेत तर केलेले काम पुन्हा करावे लागते. आणि हे सारे झाल्यावर गिटार ॲम्प्लिफायरला जोडून ऐका. कानाला येणारी बारीक खरखर तिथे ऐकू येत नसेल, तर ती सोडून द्यावी.

त्या मुलाने दोन संध्याकाळ बसून वही भरली. पाव फेऱ्याने खालच्या पडद्यांची खरखर गेली. नवव्या पडद्यावर जाड तार दाबली की येणारी मात्र राहिली, कारण दहावा पडदा वर आला होता. तो दोष बनावटीतला. सहाव्या दिवशी ती वही घेऊन तो दुकानात गेला. “गिटार खराब आहे,” असे तो म्हणाला नाही. “दहावा पडदा वर आहे, ऐका,” असे म्हणाला आणि तार छेडून दाखवली. वाद्य बदलून मिळाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या कपाटात एखादा मुका तंबोरा किंवा सतार पडून असेल, तर मुलांकडून अशीच वही भरून घ्या. कारागिराकडे जाताना ‘बिघडलंय’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘इथे थडकतंय’ असे सांगता आले, तर त्याचे निम्मे काम झाले म्हणून समजा.