फसवणूक वेगळी, नशा वेगळी

आयपीएलमधल्या गुजरात टायटन्सनं ३ एप्रिल २०२५ रोजी एक छोटंसं निवेदन काढलं. दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज कगिसो रबाडा महत्त्वाच्या वैयक्तिक कारणासाठी मायदेशी परतला आहे, एवढंच त्यात होतं. घरी कुणी आजारी असेल, असं समजून चाहत्यांनी विषय सोडून दिला. बरोबर महिन्यानं, ३ मे रोजी, खुद्द रबाडानंच खरं कारण जाहीर केलं. नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या पदार्थाच्या चाचणीत तो सापडला होता आणि त्याला तात्पुरतं निलंबित करण्यात आलं होतं. नमुना २१ जानेवारीचा होता, दक्षिण आफ्रिकेतल्या एसए-२० स्पर्धेत तो एमआय केपटाऊनकडून खेळत होता तेव्हाचा. त्यानं चूक मान्य केली, उपचार कार्यक्रम पूर्ण केला, महिनाभराची बंदी भोगली आणि तो आयपीएलमध्ये परतला. जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्यानं ऑस्ट्रेलियाचे ९ बळी घेतले.

एवढं होऊन गडी महिन्याभरात मैदानात कसा, असं काहींनी विचारलं. त्यानं खेळात कुणाला फसवलं, असं दुसऱ्यांनी विचारलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते नवी मुंबईला परके नाहीत. एमआय केपटाऊन ज्या घराण्यातला संघ आहे, त्या मुंबई इंडियन्सचा सराव घणसोलीच्या मैदानावर चालतो. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आयपीएल, महिला लीग, मुंबई टी-२० लीग असं सगळं होतं. ऐरोली, कोपरखैरणे, पनवेलची पोरं याच मैदानांकडे बघत किट उचलतात. उद्या त्यांच्यातल्या एखाद्याचं पाऊल घसरलं, तर त्याच्याशी लीगनं कसं वागायचं, हे आजच ठरायला हवं.

एकाच बाटलीतले दोन प्रश्न

चाचणी कशी होते, ते आधी पाहू. सामना संपला की निवडलेल्या खेळाडूला चाचणी अधिकारी गाठतात. त्या क्षणापासून एक सहायक त्याला नजरेआड होऊ देत नाही, मग तो कपडे बदलत असो की मुलाखत देत असो. चाचणी कक्षात खेळाडू सीलबंद डब्यांतून स्वतःच्या हातानं एक निवडतो. अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत किमान ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते. ती ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत स्वतःच ओतायची आणि झाकणं घट्ट लावायची. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं अर्जावर लिहायची. बाटलीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो.

त्या बाटलीत प्रयोगशाळा स्टेरॉइड शोधते आणि कोकेनही शोधते. पण हे शोधणं दोन वेगळ्या प्रश्नांचं आहे. स्टेरॉइड घेणारा ताकद चोरतो. समोरच्या खेळाडूचं आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचं तो थेट नुकसान करतो. सुट्टीच्या रात्री गांजा किंवा कोकेन घेणारा सर्वांत आधी स्वतःचं नुकसान करतो. खेळात त्याचा फायदा बहुधा शून्य असतो. पहिल्याच्या बाबतीत विचारायचं, की यानं फसवलं का. दुसऱ्याच्या बाबतीत विचारायचं, की याला मदत हवी आहे का. माझं म्हणणं एवढंच आहे, की लीगनं या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच शिक्षेत शोधू नयेत.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे ‘वाडा’नं, हे २०२१च्या संहितेत बऱ्याच अंशी मान्य केलं. त्याआधी टेनिसपटू मार्टिना हिंगिससारख्या खेळाडूला कोकेनसाठी दोन वर्षांची बंदी झाली होती. नव्या संहितेत कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि गांजातलं टीएचसी या चार पदार्थांना वेगळं काढलं गेलं. स्पर्धेच्या काळाबाहेर आणि कामगिरीशी संबंध नसताना ते घेतल्याचं खेळाडूनं सिद्ध केलं, तर बंदी तीन महिन्यांची; उपचार कार्यक्रम पूर्ण केला, तर एक महिन्याची. न्यूझीलंडच्या डग ब्रेसवेलला आणि नंतर रबाडाला हाच नियम लागला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ऑगस्ट २०१९मध्ये ‘नाडा’च्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, कक्षेत आलं. त्यामुळे आयपीएलच्या खेळाडूलाही आज हीच चौकट आहे.

नियमाच्या फटी

पण ही चौकट आपल्याकडच्या जमिनीवर ठेवली, की तिच्या फटी दिसतात.

पहिली फट भांगेची. आयपीएलचा हंगाम होळी-धुळवडीच्या सुमारास सुरू होतो. अमली पदार्थांच्या १९८५च्या केंद्रीय कायद्यात गांजाच्या व्याख्येत झाडाची पानं धरलेली नाहीत. त्यामुळे भांग त्यातून सुटते आणि राज्यांच्या नियमांखाली येते. प्रयोगशाळेला मात्र थंडाईचा पेला दिसत नाही, टीएचसी दिसतं. ते शरीरातल्या चरबीत साठतं आणि नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक दिवस उतरत राहतं. स्पर्धेचा काळ सामन्याच्या आदल्या रात्री ११.५९ला सुरू होतो. वाडानं २०१३मध्ये टीएचसीची मर्यादा १५ वरून १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. त्यानं जुन्या सेवनाचे बरेच अंश माफ झाले, तरी धोका गेलेला नाही. गावच्या धुळवडीला गेलेल्या नवख्या खेळाडूला हे कुणी समजावून सांगतं का?

दुसरी फट अधिक खोल आहे. मुंबई-ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात पोलिसांच्या कारवायांत सतत येणारं नाव म्हणजे एमडी, अर्थात मेफेड्रोन. सप्टेंबर २०२२मध्ये वाशीत महसूल गुप्तचर संचालनालयानं आयात संत्र्यांच्या ट्रकमधून १९८ किलो मेथाम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन पकडलं. त्यातलं कोकेन वाडाच्या चार पदार्थांच्या यादीत आहे. मेथ आणि मेफेड्रोन त्या यादीत नाहीत. म्हणजे पार्टीत महागडं कोकेन घेणारा महिन्याभरात परतू शकतो आणि त्याच पार्टीत स्वस्तातलं एमडी घेणारा नेहमीच्या, वर्षांत मोजल्या जाणाऱ्या बंदीच्या चौकटीत अडकतो. नशा तीच, हेतू तोच, शिक्षेत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

तिसरी फट कायद्याची. क्रीडा नियमांत सवलत मिळवायची, तर खेळाडूला सांगावं लागतं, की मी हे सुट्टीत, मौजेसाठी घेतलं. आपल्याकडे अमली पदार्थाचं सेवन हाच कलम २७खाली गुन्हा आहे. कोकेन किंवा हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे एका ठिकाणी ज्या कबुलीनं सुटका व्हायची, तीच दुसऱ्या ठिकाणी अंगाशी येऊ शकते. असं असताना खेळाडू खरं कशासाठी बोलेल?

२०१२चा उन्हाळा

२० मे २०१२च्या रात्री जुहूच्या एका हॉटेलातल्या पार्टीवर मुंबई पोलिसांनी छापा घातला. नव्वदच्या आसपास माणसं ताब्यात घेतली गेली. त्यांत पुणे वॉरियर्सचे राहुल शर्मा आणि वेन पार्नेल होते. आदल्या वर्षी या संघाचं घरचं मैदान नेरुळचं डी. वाय. पाटील होतं. आपण वाढदिवसाच्या पार्टीला गेलो होतो, अमली पदार्थ घेतले नाहीत, असं दोघांनीही सांगितलं. जुलैमध्ये, त्यांचे नमुने चाचणीत सकारात्मक आल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. मधले दोन महिने वाहिन्यांवर दोघांचे चेहरे फिरत राहिले. लीगकडे या प्रसंगासाठी लिहिलेली अशी कोणतीच वाट नव्हती. सगळी भिस्त पोलिसांच्या अहवालावर होती.

त्याच उन्हाळ्यात, महिनाही उलटला नव्हता तेव्हा, १८ जून रोजी इंग्लंडमधल्या सरे कौंटीचा २३ वर्षांचा फलंदाज टॉम मेनार्ड लंडनमध्ये रेल्वेच्या रुळांवर मृतावस्थेत सापडला. त्याच्या शरीरात दारू आणि अमली पदार्थ होते, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं खेळाडूंच्या संघटनेला बरोबर घेऊन पुढच्याच वर्षी केसांची चाचणी सुरू केली. लघवीत काही दिवसांचा माग लागतो, केसांत महिन्यांचा लागतो. त्यामुळे एखादी चुकार रात्र आणि जडलेली सवय यांतला फरक कळतो. पहिल्यांदा सापडला तर नाव गुप्त राहतं आणि उपचार सुरू होतात. दुसऱ्यांदा २१ दिवसांची बंदी. तिसऱ्यांदा मोठी शिक्षा.

ही पद्धत पूर्णपणे पाळली गेली असंही नाही. इंग्लंडचा फलंदाज ॲलेक्स हेल्स २०१९मध्ये दुसऱ्यांदा सापडला, बातमी बाहेर फुटली आणि ठरलेल्या २१ दिवसांवर समाधान न मानता निवड समितीनं त्याला विश्वचषकाच्या संघातूनच वगळलं. तीन वर्षं तो इंग्लंडकडून खेळला नाही. परतला तो सप्टेंबर २०२२मध्ये, पाकिस्तानातल्या टी-२० मालिकेत. त्याच वर्षीच्या टी-२० विश्वचषकात ॲडलेडच्या उपांत्य सामन्यात भारताविरुद्ध त्यानं नाबाद ८६ धावा कशा कुटल्या, ते आपण विसरलेलो नाही. ठरलेल्या शिक्षेवर वरून जास्तीची शिक्षा लादली, तर पुढचा खेळाडू त्या व्यवस्थेवर विश्वास ठेवत नाही, हा या प्रकरणाचा धडा.

आपल्याकडे उलट टोक २०१३मध्ये दिसलं. ऑलिम्पिक कांस्यपदक विजेता मुष्टियोद्धा विजेंदर सिंग यानं हेरॉइन घेतल्याचं पंजाब पोलिसांनी जाहीर केलं. त्यानं ते नाकारलं. स्पर्धेबाहेर हेरॉइनची चाचणी आमच्या नियमांत बसत नाही, असं नाडानं म्हटलं. शेवटी क्रीडा मंत्रालयाच्या आदेशावरून चाचणी झाली आणि त्यात काहीही आढळलं नाही. तोवर व्हायची ती बदनामी झाली होती.

इतर लीगांचा अनुभव

अमेरिकेच्या बेसबॉल लीगला जाग आली ती जुलै २०१९मध्ये. टायलर स्कॅग्ज हा २७ वर्षांचा पिचर टेक्सासमधल्या हॉटेलच्या खोलीत दगावला. त्याच्या शरीरात फेंटानिल, ऑक्सिकोडोन आणि दारू सापडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात करार झाला. ओपिऑइड आणि कोकेनची चाचणी सुरू झाली, पण सापडलेल्याला शिक्षेऐवजी आधी उपचार मंडळाकडे पाठवायचं ठरलं. गांजा नशेच्या यादीतून काढला गेला. बास्केटबॉलच्या एनबीएनंही २०२३च्या करारात गांजा बंदीच्या यादीतून काढला. अमेरिकेच्या अनेक राज्यांत गांजा कायदेशीर आहे, आपल्याकडे नाही. तेव्हा ते जसंच्या तसं उचलण्यात अर्थ नाही. उचलायचं ते हे, की नियम लीग आणि खेळाडू यांनी समोरासमोर बसून केले.

गुप्ततेचीही एक काळी बाजू आहे. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल लीगमध्ये पहिल्यांदा सापडलेल्याचं नाव डॉक्टरांपाशीच राहतं. सामन्याच्या दिवशीच्या चाचणीत सापडू नये म्हणून दुखापतीचा बहाणा करून खेळाडूंना बाहेर बसवलं जातं, असा आरोप २०२४मध्ये तिथल्या संसदेत झाला. आजारी माणसाची गुप्तता राखणं वेगळं आणि लीगनं जगाशी खोटं बोलणं वेगळं.

कडक व्हा, पण कुठे?

खेळाडू हा पोरांचा आदर्श असतो, सौम्य वागलात तर काय संदेश जाईल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. सामन्याच्या दिवशी नशेत उतरलेला गोलंदाज समोरच्याच्या जिवाशी खेळतो. दुसऱ्याला माल पुरवणारा खेळाडू गुन्हेगार आहे. तिथे दयामाया नको. पण ज्याला घसरल्यावर सांगायला जागाच नाही, तो लपवतो. लपवणाऱ्याचं गुपित कुणाच्या तरी हाती लागतं. ते सट्टेबाजाच्या हाती लागलं, तर एका नो-बॉलची किंमत त्या गुपितात वसूल होते. फिक्सिंगची जखम सोसलेल्या भारतीय क्रिकेटनं तरी हे ओळखायला हवं. मदतीचा दरवाजा उघडा ठेवणं ही खेळाच्या सचोटीचीही गरज आहे.

आणि हा विचार आपल्याला बाहेरून आणायचा नाही. अमली पदार्थांच्या त्याच कायद्यात कलम ६४ए आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून ते संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं केलं. व्यसन हा आजार आहे, रुग्ण घसरतो, पुन्हा उठतो, त्याला सोबत लागते, हे महाराष्ट्राला तेव्हापासून माहीत आहे. ड्रेसिंग रूमपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही.

मग लीगनं काय करावं? नशेची वाट उत्तेजकांपासून वेगळी काढून ती करारातच, खेळाडूच्या भाषेत लिहावी. पहिल्या वेळी नाव गुप्त, उपचार सक्तीचे. दुसऱ्या वेळी ठरावीक बंदी. तिसऱ्या वेळी जाहीर आणि जबर शिक्षा. मेफेड्रोन आणि मेथलाही उपचाराची हीच वाट मिळावी, यासाठी मंडळानं आणि नाडानं वाडाकडे आग्रह धरावा. फ्रँचायझीचा पगार न घेणारा स्वतंत्र डॉक्टर असावा. स्वतःहून पुढे येणाऱ्या खेळाडूला कलम ६४एचं संरक्षण कसं मिळेल, ते वकिलांनी आधीच बसवून ठेवावं. नमुना जानेवारीत आणि निकाल एप्रिलमध्ये, असा उशीर चालू नये. आणि ‘वैयक्तिक कारण’ असं मोघम सांगण्याऐवजी ‘वैद्यकीय रजा’ हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरावा, म्हणजे गुप्तताही राहील आणि खोटंही बोलावं लागणार नाही.

सर्वांत निकडीची गोष्ट शेवटी सांगतो. रबाडाकडे एजंट होता, वकील होते, दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंची संघटना पाठीशी होती. आपल्याकडे २०१९मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना फक्त निवृत्तांसाठी आहे. खेळत असलेल्यांची संघटनाच नाही. लिलावात ३० लाखांच्या पायाभूत किमतीला उचललेला विशीतला पोरगा अशा वेळी एकटाच असतो. त्याला पैसा नवा, पार्ट्या नव्या आणि सोबतही नवी. नियमाची परीक्षा ताऱ्यांवर होत नसते, अशा पोरांवर होते. कामोठ्याहून लोकलनं सरावाला जाणाऱ्या मुलाला रबाडाइतकीच दुसरी संधी, तितकीच गुप्तता आणि तितकाच चांगला डॉक्टर मिळत असेल, तरच त्या नियमाला न्याय म्हणता येईल. पुढच्या लिलावाआधी करारात ही चार-पाच कलमं घालायला पैसा फारसा लागणार नाही. मंडळानं ती घालावीत.