अंगणात खोललेलं इंजिन

गाडी निळा धूर सोडू लागली की समजावं, ऑइल जळतंय. बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्या. आमच्या वाघोलीतल्या १९८८च्या प्रीमियर पद्मिनीचं तेच झालं होतं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. एवढ्या धुरात आरटीओ पास करणार थोडंच! "भंगारात द्या," सगळे म्हणाले. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही २०२३मध्ये थांबल्याच की. सासूबाई मात्र अडल्या, "यांनी घेतलेली गाडी. माझ्या डोळ्यांदेखत जाणार नाही."

मग मी आणि लेकीने इंजिन खोललं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, आत काँप्युटर नाही. सगळं डोळ्यांना दिसणारं. बोल्ट लोणच्याच्या बरण्यांत, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. बोअरिंग तेवढं लेथवाल्याकडे, ते घरी होत नाही.

खरी कसोटी हेड बसवताना. गॅस्केट नवंच हवं. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे; नाहीतर हेड वाकतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं. त्यासाठी टॉर्क पाना भाड्याने आणला. अंदाजपंचे फोडणीत ठीक, इथे नाही.

तिसऱ्या सेल्फला इंजिन सुरू झालं. नव्या रिंगा बसेपर्यंत गाडी दामटायची नसते. परवा सासूबाईंना चाळीसच्या वेगाने तुळापूरला नेऊन आणलं. आरटीओची तारीख पुढच्या महिन्यात आहे.