कुमारांचे बायबल-अभ्यासमंडळ

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी बायबलचे स्वतंत्र अभ्यासमंडळ काढावे, हा विचार ख्रिस्ती मंडळींत वेळोवेळी निघतो व तो स्तुत्यच आहे. कोठे पाळकसाहेब उत्साह दाखवितात, कोठे एखादी शिक्षिका पुढाकार घेते. दोन महिने मुले जमतात, तिसऱ्या महिन्यात परीक्षा येतात, आणि मग मंडळाचे नाव तेवढे फलकावर राहते. असे का व्हावे? मुलांस वेळ नाही, शिकवण्यांनी त्यांस घेरले आहे, हातातला मोबाईल सुटत नाही, अशी कारणे सांगितली जातात व ती खोटी नाहीत. परंतु मुख्य कारण आमच्या मते निराळे आहे. ज्यास आपण अभ्यासमंडळ म्हणतो, ते बहुधा दुसरे प्रवचनच असते. सकाळी जे ऐकले तेच सायंकाळी पुन्हा ऐकण्यास कोणता तरतरीत मुलगा येईल? अभ्यास म्हणजे प्रश्न. आणि जेथे प्रश्नास मज्जाव आहे, तेथे पाठांतर होईल, अभ्यास होणार नाही. हा विषय एका समाजाचा म्हणून इतर वाचकांनी पान उलटू नये. वाढत्या वयाच्या मुलाने आपल्या घरच्या धर्मग्रंथाजवळ कसे जावे, हा प्रश्न प्रत्येक घरचा आहे.

या कार्याचा इतिहास पाहिला तर तो धर्माधिकाऱ्यांपेक्षा साध्या धंदेवाइकांनीच अधिक घडविलेला दिसतो. इ. स. १७८० मध्ये इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रकाराने रविवारच्या शाळेस चालना दिली. आठवड्याचे सहा दिवस मजुरी करणाऱ्या मुलांस सुटीच्या दिवशी वाचावयास शिकवावे, हा त्याचा हेतू. बायबल हे त्या शाळेतील वाचनाचे पुस्तक. पुढे १८४४ च्या जून महिन्यात लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने वाय. एम. सी. ए. ही संस्था काढली. हा कोणी पंडित नव्हता. कापडाच्या दुकानातला नोकर होता. दुकानाच्या माडीवर, नोकरांच्या निजण्याच्या खोलीत, दिवसभराच्या कामानंतर प्रार्थना व बायबलवाचन करणारी दहा-बारा तरुण माणसे, एवढेच तिचे बीज होते. आमच्या व्यापारी वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. इमारत, निधी व अध्यक्ष यांच्यावाचून काम अडते, ही समजूत या एका उदाहरणानेच खोटी ठरते.

आपल्या भाषेतही या कामाची परंपरा लहान नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्यात श्रोते मधून मधून शंका विचारतात व पाद्री तिचे निरसन करतो. म्हणजे मराठीतील पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथातच प्रश्नकर्त्यास मानाचे आसन आहे. आजच्या वर्गात मात्र त्यास खाली बसविले जाते, हे नवलच नव्हे काय? पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून सर्व बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या व १९२४ मध्ये ते समग्र भाषांतर केडगावच्या मुक्तिसदनातून बाहेर पडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० च्या धाराशिव येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष होते; त्यांचे ‘सुबोध बायबल’ही आज उपलब्ध आहे. एवढी सामग्री असता इंग्रजी शाळेत जाणारा नातू बायबल इंग्रजीत वाचतो, आजी ते मराठीत वाचते, आणि दोघांचे त्यावर बोलणे म्हणून होत नाही, ही स्थिती कष्टदायक आहे. मंडळाचे कामकाज मराठीत चालावे. इंग्रजी प्रत जवळ असल्यास हरकत नाही. एकच उतारा दोन-तीन भाषांतरांत वाचून शब्द का बदलला, असे मुलांस विचारावे. भाषांतर म्हणजेच अर्थनिर्णय, हे त्यांस व्याख्यानावाचून समजेल.

आता व्यवस्थेविषयी. मुले दहा-बारा असावीत. अधिक झाल्यास दुसरा वर्ग काढावा. व्यासपीठ नको; सर्वांनी वर्तुळाकार बसावे आणि शिकविणाऱ्याने त्यांतच बसावे. आरंभ मार्काच्या शुभवर्तमानाने करावा. चारी शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान असून त्याचे अध्याय सोळा आहेत. आठवड्यास एक या हिशेबाने चार महिन्यांत ग्रंथ पुरा होतो, आणि एक काम तडीस नेल्याचे समाधान मुलांस मिळते. वार्षिक परीक्षांचे महिने सोडूनच हे चार महिने निवडावेत. एक तासापैकी वीस मिनिटे वाचन आणि चाळीस मिनिटे चर्चा असावी. शिक्षक तासभर बोलला, तर तो दिवस वाया गेला असे समजावे. लाजाळू मुलांसाठी एक पेटी ठेवावी. तीत नाव न लिहिता प्रश्नाची चिठ्ठी टाकण्याची मोकळीक असावी. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास येत नाही, तेथे त्याने “मला ठाऊक नाही, पुढच्या रविवारी शोधून येतो” असे सरळ सांगावे. याने त्याचा मान कमी होत नाही. मुले अज्ञानास हसत नाहीत. ज्ञानाच्या सोंगास हसतात.

प्रश्न म्हणजे काय, ते एका दृष्टांतावरून पाहू. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन ठरलेल्या रोजावर मजूर लावतो. पुढे दिवसभर तो पुन्हा पुन्हा जातो. अगदी शेवटचा एक तास उरला असताही काही मजूर आणतो, आणि संध्याकाळी सर्वांस सारखाच रोज देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. हा अध्याय वर्गात निघाला की एखादा मुलगा म्हणणारच, “हा तर अन्याय झाला!” येथे घाईने आध्यात्मिक अर्थ सांगून त्यास गप्प केले, तर अभ्यास तेथेच संपला. त्यापेक्षा त्यास न्यायाधीश करावे. कराराच्या दृष्टीने पाहता पहाटेच्या मजुराचे काय बुडाले? जे ठरले ते त्यास पुरते मिळाले. मग त्याचे दुःख कशाचे. स्वतःच्या नुकसानीचे, की दुसऱ्याच्या लाभाचे? दुसरा मुलगा उलट विचारील, की मग उद्या पहाटे कामास कोण येईल? हाही प्रश्न खरा आहे व धंदा करणाऱ्यास तो लगेच पटेल. तिसऱ्याचा बाप कदाचित रोज सकाळी शहरातल्या मजूरनाक्यावर उभा राहत असेल. तो सांगेल, की उशिरापर्यंत उभा राहणारा आळशीच असतो असे नाही. त्यास कोणी कामास लावलेले नसते. मूळ ग्रंथातले मजूरही हेच उत्तर देतात, आणि तरी घरी त्यांच्या मुलांची भूक तेवढीच असते. तासाच्या शेवटी एकमत झाले नाही तरी चालेल. तो दृष्टांत त्या मुलांच्या मनात घर करून राहील, आणि पुढे स्वतः मजूर लावण्याची पाळी आली म्हणजे आठवेल.

कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतील, की अशाने श्रद्धा डळमळीत होईल. आम्हांस हे मान्य नाही. प्रश्न मुलांच्या मनात आपण घालीत नाही. ते तेथे असतातच. वर्गात विचारावयास बंदी केली म्हणजे ते नाहीसे होत नाहीत, दुसरीकडे जातात. आणि तेथे उत्तर देणारा या मुलांचा हितचिंतक असेलच असे नाही. शिवाय ईयोबासारखा जो ग्रंथ स्वतःच देवापुढे गाऱ्हाणे मांडतो, आणि खोटी मापे वापरणाऱ्या व्यापाऱ्यांस भर बाजारात जाब विचारणारा आमोस ज्यात आहे, तो ग्रंथ मुलाच्या शंकेने कसा मोडेल?

दुसरा आक्षेप बाहेरचा आहे, व त्याची हेटाळणी करणे योग्य नव्हे. अशा वर्गांतून इतरांची मुले फितविली जातील, हे भय या प्रांतात जुने आहे. १८३९ साली मुंबईत दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून कोर्टकचेरी झाली व ते विचार करण्याजोग्या वयाचे आहेत असे ठरून त्यांस मोकळीक मिळाली. १८४३ साली नारायण शेषाद्रि यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयी म्हणून न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले, आणि त्यास जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांस जंग जंग पछाडावे लागले. आज राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्मपालनाचे व प्रसाराचे स्वातंत्र्य देते. परंतु त्यात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला आहे. अठ्ठाविसावे कलम सांगते, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयी विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षण घेण्यास भाग पाडता येत नाही. म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक मुलाच्या आईबापांची लेखी संमती घ्यावी, मग तो मंडळीतला असो वा बाहेरचा. कोणास वह्या, फी किंवा नोकरीची लालूच दाखवू नये, आणि दार उघडे ठेवून वर्ग चालवावा. उघड्या दाराचा दुसराही उपयोग आहे. कोणत्याही मुलाजवळ एकच प्रौढ माणूस एकटा असू नये. दोघे असावेत व त्यांत एक स्त्री असावी. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ साली जो कायदा झाला, त्याने असा गुन्हा समजताच कळविण्याची जबाबदारी प्रत्येकावर टाकली आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हे धर्मातही बसत नाही आणि कायद्यातही बसत नाही.

सारांश, या कामास लागते ते थोडे आहे: एक खोली, डझनभर मराठी प्रती, आणि ऐकून घेणारी दोन माणसे. ज्यांची दुकानावरची माडी रविवारी रिकामी असते, त्यांनी ती द्यावी. ज्यांस पुस्तके घेऊन देता येतील, त्यांनी ती द्यावीत. तिसरी गोष्ट मात्र विकत मिळत नाही. मुलाचा अवघड प्रश्न ऐकून कपाळास आठी न घालणारी दोन माणसे ज्या मंडळीस आपल्यात सापडतील, तिने पुढच्या रविवारची वाट न पाहता कामास लागावे.