वसईतल्या न्यायाच्या जागा

वसईच्या किल्ल्यात आलेला माणूस चर्चच्या पडक्या कमानी पाहतो, चिमाजी आप्पांच्या पुतळ्यापुढे हात जोडतो आणि बुरुजावरून खाडी बघून परततो. या शहरात न्यायनिवाडा कुठे बसून होत होता, हे फारसे कुणी विचारत नाही. पण दोन शतके उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरचे तंटे याच तटाच्या आत सुटत होते. वसई हे कोर्टकचेरीचे जुने गाव आहे. तो इतिहास इथल्या लोकांना माहीत असायला हवा, कारण आजही या तालुक्याचा अर्धा जीव जमिनीच्या कागदांत अडकलेला आहे.

23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. 1536 मध्ये गव्हर्नर नूनो द कुन्हाच्या हुकमावरून गार्सिया द सा याने बालेकिल्ला उभारला आणि तसा शिलालेखही कोरवून घेतला. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर आजही राजचिन्ह, खगोलाचा गोल आणि क्रूस दिसतो. आत फिर्याद घेऊन जाणाऱ्याने आधी ती सत्ता मान वर करून वाचावी, अशीच त्या दगडांची मांडणी आहे. पुढे तट वाढला, आत मठ, चर्च, तुरुंग आणि नगरसभेची इमारत उभी राहिली. नगरसभेला पोर्तुगीज ‘कामरा’ म्हणत. शहराचा कारभार तिथून चाले.

1695 मध्ये जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी इथे आला. तो स्वतः नेपल्सचा कायद्याचा पदवीधर, त्यामुळे त्याची नजर नेमकी कारभारावर गेली. शहराचा कॅप्टन, न्याय देणारा ‘ऊव्हिदोर’ आणि त्याच्या वर, साऱ्या उत्तर किनाऱ्यावरच्या ऊव्हिदोरांच्या निकालांवर अपील ऐकणारा ‘देझेंबार्गादोर’, अशी उतरंड त्याने नोंदवली आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या ठाण्यांतला पक्षकार अपिलासाठी वसईला येई. त्याच्याही वरचे न्यायालय होते गोव्यात, 1544 मध्ये स्थापन झालेले ‘रेलासांव’.

सोळाव्या शतकात मुंबईची बेटेही वसईच्या अमलाखाली होती. राजाची गावे ‘फोरो’ नावाच्या वार्षिक खंडावर खासगी लोकांना दिली जात आणि औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबईचे बेट अशाच खंडाने होते. सिमांव बोतेल्यूने 1554 मध्ये या मुलखाच्या उत्पन्नाची वही तयार केली, तीत हा सारा हिशेब आहे. आज वसईकर लोकल पकडून मुंबईच्या हायकोर्टात जातो, त्या काळी मुंबईच्या जमिनीची नोंद वसईच्या दप्तरात होती.

मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि न्यायाची रीतच बदलली. कारभार सरसुभेदार शंकराजी केशव फडक्यांकडे आला. मराठी पद्धतीत दावा लावणारा तो अग्रवादी आणि समोरचा तो पश्चिमवादी. दोघांचे जामीन घ्यायचे, साक्षी ऐकायच्या, भाऊबंद-गावकऱ्यांची गोतसभा बसवायची, तिच्या निर्णयाचा लेख म्हणजे महजर करायचा आणि मग निवाडपत्र द्यायचे. जिंकणारा सरकारात हरकी नावाची रक्कम भरी, हरणारा गुन्हेगारी नावाचा दंड. त्यासाठी वेगळ्या इमारतीची गरज नव्हती. सदर, देऊळ किंवा पार पुरे होई, आणि शेजारच्या शेताचा धनीच साक्षीला बसलेला असे. या पद्धतीत दोष होते, जातीचे आणि वतनाचे वजन तर होतेच. पण वादाची जागा आणि निकालाची जागा यांच्यात अंतर फार नव्हते, हे तिचे मोठेपण मला मानावेसे वाटते.

1818 नंतर इंग्रजी अंमल आला. पेशव्यांच्या मुलखावरच्या 1819 च्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पंचायती टिकवण्याची बाजू घेतली होती, पण 1827 च्या रेग्युलेशनांनी कचेरीची घडी बसवली आणि 1869 च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने जिल्हा न्यायाधीश व दुय्यम न्यायाधीश ही रचना पक्की केली. किल्ला ओस पडला, वस्ती आणि कचेऱ्या बाहेर वसईगावात आल्या. 1864 मध्ये नगरपालिका झाली. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. कर्नल फुलर यांच्या आराखड्यानुसार बांधलेली, माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती असलेली हायकोर्टाची इमारत 1878 मध्ये पूर्ण झाली. वसईच्या पक्षकाराला अपिलासाठी जिल्ह्याचे ठाणे आणि त्यापुढे मुंबई, असे दोन मुक्काम ठरून गेले.

तालुक्यात मात्र न्यायाचा रोजचा चेहरा मामलेदाराचाच राहिला. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली वाट आणि पाणी अडवल्याच्या तक्रारी त्याच्यापुढे चालतात. वसईच्या वाडीवाल्याला हा कायदा वकिलाने समजावून सांगावा लागत नाही. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीला जायची पायवाट कुणी कुंपण घालून बंद करतो, सामाईक बावखलात, म्हणजे वाडीच्या तळ्यात, भराव टाकतो, की लगेच जुने कागद बाहेर येतात. सातबारा, फेरफार आणि कधी मोडीतले खरेदीखत पिशवीत घालून माणूस कचेरीत जातो. 1951 च्या कायद्याने फौजदारी न्याय महसुली अधिकाऱ्यांकडून काढून न्यायाधीशांकडे देण्याची वाट मोकळी केली. 1998 मध्ये मराठी ही तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा ठरली. ज्या भाषेत बांधाचे भांडण होते त्याच भाषेत निकाल हाती यावा, याहून रास्त मागणी कोणती?

2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांपलीकडे गेली. पालिकेतून गावे वगळण्याचा प्रश्न हायकोर्टात गेला. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई त्यात गेली. नालासोपारा पूर्वेत सांडपाणी व कचरा प्रकल्पांसाठी राखीव असलेल्या जागेवरच्या 41 इमारती हायकोर्टाच्या आदेशाने 2024-25 मध्ये पाडल्या गेल्या. आयुष्यभराची कमाई घालून तिथे घरे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. कागद खोटा की खरा, हे घर घेण्याआधी कळण्याची सोय तालुक्यातच असती, तर एवढा अनर्थ टळला असता.

पोर्तुगिजांनी न्यायाला तट दिला, मराठ्यांनी सदर दिली, इंग्रजांनी दप्तर दिले. आपल्या काळाने वसईला त्यापुढचे काही द्यायला हवे. इतक्या माणसांच्या शहराला पुरेशी कोर्टे आणि न्यायाधीश हवेत. तारखेला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसायला सावली हवी. जमिनीची जुनी दप्तरे वाचता येतील अशी जपलेली हवीत आणि मोडी वाचणारा माणूस तालुक्याला नेमलेला हवा. हे झाले, तर वसईच्या जमिनीचा वाद वसईतच आणि तो लावणाऱ्याच्या हयातीत संपेल.