संकरित आयएसओ प्रतिमा

संकरित आयएसओ प्रतिमा : सीडी वा डीव्हीडी या प्रकाशीय तबकडीवर नोंदली असता तबकडीवरून आणि यूएसबी पेन ड्राइव्हवर लिहिली असता त्यावरूनही संगणक सुरू करू शकणारी फाइल. तबकडीवरील सर्व माहितीची, तिच्या मांडणीसह, एका फाइलीत साठविलेली तंतोतंत प्रत म्हणजे प्रतिमा होय. संगणक चालू होताच परिचालन प्रणाली स्मृतीत आणण्याच्या क्रियेला बूट करणे म्हणतात. अंतर्गत हार्ड डिस्क निकामी झालेला किंवा तबकडीचालक नसलेला संगणकही अशा प्रतिमेच्या साहाय्याने सुरू करता येतो.

रचना : आयएसओ ९६६० हे सीडीवरील माहितीच्या मांडणीचे मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार माहिती सामान्यतः २,०४८ बाइटांच्या खंडांत मांडली जाते व आरंभीचे १६ खंड, म्हणजे ३२,७६८ बाइट, मोकळे राखले जातात. तबकडीवरून बूट करण्याची रीत फीनिक्स व आयबीएम या कंपन्यांच्या ‘एल टोरिटो’ विनिर्देशाने १९९५ मध्ये ठरविली. तीनुसार बायॉस ही संगणकातील प्रारंभिक आज्ञावली शून्यापासून मोजता १७ व्या खंडातून बूट सूचीचा पत्ता मिळविते. पेन ड्राइव्ह मात्र हार्ड डिस्कप्रमाणे वाचला जातो. त्याचे पहिले ५१२ बाइट स्मृतीत घेतले जातात; त्यांत बूट आज्ञा, विभाग-कोष्टक व अखेरीस ५५ एए ही षोडशमान खूण असते. साध्या प्रतिमेत ही जागा रिकामी असल्याने तिच्यावरून पेन ड्राइव्ह बूट होत नाही. दोन्ही पद्धतींत वाचनाच्या जागा भिन्न असल्यामुळे मोकळ्या जागेत हार्ड डिस्कची बूट नोंद लिहिली, तरी तबकडीच्या वाचनात बाधा येत नाही. संकरणाचे मूलतत्त्व हेच होय. पेन ड्राइव्हवरील खंड ५१२ बाइटांचा मानला जात असल्याने तबकडीवरील खंडक्रमांकास चाराने गुणून पत्ता काढावा लागतो. बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय प्रणालीसाठी प्रतिमेत फॅट पद्धतीचा एक छोटा विभाग ठेवतात; बूट सूची व विभाग-कोष्टक या दोहोंतूनही त्याचाच निर्देश केलेला असतो.

निर्मिती : सिसलिनक्स या आज्ञावली-संचात २००८ मध्ये ‘आयएसओहायब्रिड’ हे साधन समाविष्ट झाले. ते तयार प्रतिमेच्या आरंभी आवश्यक नोंद घालते. ‘झोरिसो’ या साधनाने प्रतिमा प्रथमपासूनच संकरित करता येते. लिनक्सच्या अनेक वितरणांच्या प्रतिमा या स्वरूपात उपलब्ध असतात.

वापर : पेन ड्राइव्हवर फाइल नुसती उतरविणे पुरेसे नसते. प्रतिमेतील प्रत्येक बाइट ड्राइव्हच्या अगदी आरंभापासून क्रमाने लिहावा लागतो. लिनक्समध्ये हे ‘डीडी’ या आज्ञेने करतात. त्यामुळे ड्राइव्हचे जुने विभाग-कोष्टक नष्ट होऊन त्यावरील पूर्वीची माहिती गमावली जाते. आज्ञेत चुकून अंतर्गत डिस्कचे नाव दिल्यास तीही अशीच पुसली जाते. म्हणून लेखनापूर्वी ड्राइव्हचे नाव व धारणक्षमता पडताळणे अत्यावश्यक असते. प्रतिमा अखंड आहे की नाही, हे प्रकाशकाने दिलेल्या एसएचए-२५६ पडताळा-मूल्याशी तुलना करून समजते. लिहिलेला ड्राइव्ह तपासताना प्रतिमेच्या लांबीइतकेच बाइट वाचावे लागतात; अन्यथा उरलेल्या जागेतील माहितीमुळे मूल्य जुळत नाही.