भूकंपाच्या लाटांना अडसर

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला भूकंप झाला. त्याचे धक्के पुण्या-मुंबईपर्यंत जाणवले. जमिनीतून येणाऱ्या या लाटा वाटेतच अडवता येतील का?

२०१२ साली फ्रान्समधील ग्रनोबलजवळ शास्त्रज्ञांनी जमिनीत ५ मीटर खोल भोकांच्या ३ रांगा सारख्या अंतरावर पाडल्या व शेजारी यंत्राने सेकंदाला ५० कंपने दिली. प्रत्येक रांगेवरून लाटेचा थोडा भाग परततो. रांगांतील अंतर लाटेच्या लांबीच्या निम्मे असेल, तर हे परतलेले भाग एकमेकांत मिळून बळावतात आणि पुढे जाणारी लाट क्षीण होते. तेथेही बरीच ऊर्जा मागे फिरली!

भूकंपाच्या लाटा मात्र फार लांब असतात. समजा, लाटेचा वेग सेकंदाला ३०० मीटर आहे आणि कंपन सेकंदाला एकच. म्हणजे लाटेची लांबी ३०० मीटर. रांगांत अंतर हवे १५० मीटर! आता एक गाव वाचवायला किती जमीन लागेल, ते तुम्हीच काढून पाहा.