वैनगंगेची गोष्ट, परमुलखातला ताल

‘द जंगल बुक’ची गोष्ट वैनगंगेकाठची, पण तिची जगभर गाजलेली गाणी थेट अमेरिकेतली आहेत. रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ सालच्या पुस्तकातले रान शिवनीचे. तिथे उगम पावणारी वैनगंगा भंडारा ओलांडून पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली यांची हद्द आखत वाहते. वडसा आणि मार्कंडा मागे टाकल्यावर ती चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, आणि पुढे तिचे नाव प्राणहिता होते. किपलिंगच्या कथेत लांडग्यांची रानकुत्र्यांशी, म्हणजे कोळसुनांशी, लढाई होते ती याच नदीवर. ती कुत्री दख्खनेतून वर आलेली असतात.

वॉल्ट डिस्नेने या पुस्तकावर कार्टूनपट काढायला घेतला तेव्हा गाणी आधी टेरी गिल्किसनने केली होती. ती मूळ पुस्तकासारखीच गंभीर आणि काळोखी होती. डिस्नेला घरादाराने मिळून पाहायचा सिनेमा हवा होता, म्हणून ती बाजूला पडली. त्यातले एकच गाणे वाचले, अस्वलाच्या तोंडचे ‘द बेअर नेसेसिटीज’. नावात शब्दखेळ आहे : इंग्रजीत ‘बेअर’ म्हणजे अस्वल, आणि ‘अगदी मोजके’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच. या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र ‘डॉक्टर डूलिटल’मधल्या गाण्याने नेला. बाकीची बहुतेक गाणी रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या भावांनी रचली. अजगराच्या ‘ट्रस्ट इन मी’ची चाल तर ‘मेरी पॉपिन्स’साठी बांधलेली आणि तिथे न वापरलेली. चित्रपट ऑक्टोबर १९६७ मध्ये आला. डिस्ने त्याच्या दहा महिने आधीच वारला होता.

साउंडट्रॅकमधली सगळ्यात उडती चीज माकडांच्या राजाची. ती गायली न्यू ऑर्लिन्सच्या लुई प्रिमाने, तिथल्याच ठेक्यात. हा राजा ओरांगउटान, म्हणजे भारतात कधीच न आढळणारा प्राणी. पुस्तकातही तो नाही. हत्तींना तर सरळ इंग्रजी पलटणीची कवायत दिली आहे. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधले हत्ती पाहिलेल्या माणसाला ती गंमतच वाटेल. गिधाडांचे केस आणि बोलणे बीटल्सच्या वळणाचे. त्यांचे गाणे मात्र जुन्या पद्धतीच्या, वाद्यांविना चौघांनी गायच्या ढंगात ठेवले, कारण ताजी फॅशन लवकर शिळी होते. हा निर्णय शहाणपणाचा ठरला.

२०१६ साली जॉन फॅव्हरोने तीच गोष्ट नव्याने काढली, तीही लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, संगणकावर रान उभे करून. संगीत जॉन डेबनीचे. जुनी गाणी बिल मरे, ख्रिस्तोफर वॉकेन आणि स्कार्लेट जोहान्सन यांनी गायली. माकडांचा राजा या वेळी जायगँटोपिथेकस या नामशेष महाकाय वानराचा केला. प्राणिशास्त्राची चूक अशी सुधारली. गाण्यांचा मुलूख मात्र तोच राहिला.

आपल्याकडे या गोष्टीचा नायक मोगली घरोघर पोचला तो यातल्या कोणत्याच गाण्याने नाही. १९८९ सालच्या जपानी कार्टून मालिकेचे हिंदी रूप दूरदर्शनवर आले, तेव्हा गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल असलेले शीर्षकगीत त्या पिढीच्या तोंडी बसले. शेर खान या वाघाचा आवाज नाना पाटेकरांचा होता. २०१६ च्या हिंदी आवृत्तीतही शेर खान तेच बोलले, आणि प्रसिद्धीसाठी ते गीत पुन्हा ध्वनिमुद्रित झाले.

वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत माडिया आणि गोंड लोक फेर धरून रेला गातात. ते गाणे मात्र दोन्ही साउंडट्रॅकमध्ये कुठेच ऐकू येत नाही.